भरलेलं हाड

डेल्फिनने दोन्ही कुबड्या फिशबॉलच्या गाडीला टेकवल्या आणि चाकाआडून गावचौकाच्या, प्लाझाच्या, वाटेकडे पाहिलं. त्याची बायको मारिविक येत होती. तिच्या खांद्यावर क्रिस्पिनचा हात होता आणि ती हसत होती.

"दादा, काही घेणारेस की नुसताच लपणारेस?" गाडीवाल्याने विचारलं.

"दोन काड्या फिशबॉल दे. तिखट लाव."

दीड महिन्यापूर्वी वस्तीच्या बास्केटबॉल सामन्यात डेल्फिन आणि क्रिस्पिन एकाच चेंडूसाठी उडाले आणि दोघेही नडगी मोडून खाली आले. डॉक्टर लोसानोंनी दोघांच्याही हाडाला मॅग्नेशियमची पट्टी बसवली. काही महिन्यांत आपोआप विरघळणारी; तोवर हाड भरायला हवं. मग चालण्याने हाड लवकर भरतं का, या संशोधनासाठी चिठ्ठ्या टाकल्या. क्रिस्पिनला निघालं 'रोज चालणे', डेल्फिनला 'संपूर्ण आराम'. रुग्णांना चालवायचं काम इस्पितळाच्या फिजिओथेरपिस्टचं, म्हणजे मारिविकचं.

डेल्फिनने मनापासून आराम केला. एक आठवडा. त्यानंतर तो रोज संध्याकाळी त्या दोघांच्या मागे निघू लागला, कुबड्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्या काखेत मारून, मोडक्या पायावरच चालत. घरी आल्यावर मारिविक बाचोयचं शेवयांचं सूप खाता खाता तोच खांदा चोळत बसे. डेल्फिनला वाटे, आठवण काढतेय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. मारिविक फाइल घेऊन उभी होती.

"वा!" डॉक्टर डेल्फिनला म्हणाले. "चालणाऱ्यांतसुद्धा एवढं भरलेलं हाड नाही. आणि नुसत्या आरामाने! क्रिस्पिनचं बघा, पट्टी विरघळत चाललीय, हाडाचा पत्ता नाही. मारिविक, उद्यापासून त्याचं चालणं बंद. त्यालाही ह्यांच्यासारखं झोपवू."

डेल्फिनला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात लपवलं. मग त्याची नजर एक्स-रेतल्या क्रिस्पिनच्या नडगीवर गेली. फिशबॉलची काडी आरपार जाईल एवढी फट होती. पट्टी संपली की ही नडगी परत मोडणार, हे तो डॉक्टर नसला तरी त्याला दिसत होतं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तो चालतच नाही."

"रोज चालतो. मीच चालवते," मारिविक म्हणाली.

"तू चालतेस. त्याचा पाय नुसता सोबत येतो. सगळं वजन तुझ्या खांद्यावर. हाडावर काही पडतच नाही, मग ते भरेल कशाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

डेल्फिन आपल्या पायाच्या अंगठ्यांकडे पाहू लागला.

"पाहिलं."

"कधी?"

"रोजच."

"प्लाझाच्या किती फेऱ्या?" मारिविकने हळूच विचारलं.

"तीन."

"आम्ही तर दोनच मारतो."

"तुम्ही दिसेनासे झालात की मी अजून एक मारायचो. शोधायला."

डॉक्टरांनी संशोधनाच्या यादीतून डेल्फिनचं नाव खोडलं आणि क्रिस्पिनच्या कागदावर लिहिलं: चालणे चालू. सोबत काठी, माणूस नको.

"आणि मी काय करू?" डेल्फिनने विचारलं.

"करत होतात तेच करा."

डेल्फिन उठला आणि त्याने मारिविकच्या खांद्याकडे हात नेला. ती एक पाऊल मागे सरकली.

"वजन हाडावर पडू दे," ती म्हणाली. मग तिने दार उघडलं आणि तो पोचेपर्यंत धरून ठेवलं.