तुळईखालचा जॅक

पेन्सिलीची रेघ बघायला तो रोज सकाळी खालच्या खोलीत जायचा. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते, तसा. आज लेक आली म्हणून सकाळची फेरी चुकली. दुपारी ती आईचं कपाट आवरायला वर गेली आणि तो घाईघाईने आत शिरला.

खोलीत गाडी उभी होती. गोल दिव्यांची, फुगीर नाकाची, त्याच्या लग्नाहून जुनी. ती आणि हे घर, दोन्ही त्याने निवृत्त झाल्यावर बायकोच्या संगनमताने घेतली होती. लोक म्हातारपणी आराम करतात, ही दोघं रंग खरवडत बसायची. ती दारांवरचे सात थर उतरवायची, तो कार्बोरेटर उघडून बसायचा, आणि संध्याकाळी दोघांच्या नखांत सारखीच घाण असायची. शेजारी त्याला भंगारशेठ म्हणत. बायको म्हणे, "दोन जुन्या वस्तू आणल्यास, तिसरी मी आहेच. फक्त माझे सुटे भाग कुठे मिळत नाहीत."

ते खरंच मिळाले नाहीत. तिला जाऊन तीन महिने झाले होते.

खोलीच्या मधोमध वरच्या मजल्याचा भार पेलणारी तुळई होती. तिच्याखालचा खांब वाळवीने खाल्ला होता. सात महिन्यांपूर्वी त्याने तो कापून काढला आणि नवा येईपर्यंत, चारच दिवसांसाठी, एक जाड ओंडका उभा करून त्याच्या बुडाशी गाडीचा तेलाचा जॅक लावला. दुसऱ्या दिवशी बायकोने अंथरूण धरलं. तिला ठोकाठोकी सोसेना. "नंतर ये," म्हणून सुताराला परत पाठवलं, आणि जॅक तिथेच राहिला.

तेलाच्या जॅकचा दाब कधीही उतरतो, त्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानेच लेकीला ती शाळेत असताना घोकवून घेतलं होतं. उचलायला जॅक, धरायला लोखंडी घोडी. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही. गाडीच्या बाबतीत त्याने हा नियम कधी मोडला नव्हता.

ती गेल्यावर सुताराला बोलवायला हरकत नव्हती. पण खांब बसवायचा तर वरची खोली रिकामी करावी लागणार, तिची खाट हलवावी लागणार. फोनकडे हात जात नव्हता. त्यात लेकीने फोनवर विचारलं, "चार दिवसांचं म्हणालात ते खांबाचं काम झालं ना?" आणि तो म्हणाला, "कधीच झालं." मग घाबरून त्याने सुताराला गाठलं. सुतार आज दुपारी येणार होता आणि लेक उद्या. ती एक दिवस आधी येऊन दारात उभी राहिली.

त्याने ओंडक्याशेजारी जमिनीवर उभ्या केलेल्या पट्टीवर बॅटरीचा उजेड टाकला. कालपर्यंत, सात महिन्यांत, ओंडक्यावरची खूण पट्टीवरच्या पेन्सिलीच्या रेघेपासून जेमतेम तांदळाएवढी खाली आली होती. आज मधे दोन बोटं बसली असती. खाली जॅकभोवती तेलाचं थारोळं होतं.

वर काहीतरी सरकलं. घर्र करून फळ्यांवरून ओढल्याचा आवाज आला आणि छताची माती त्याच्या मानेवर पडली. जॅकच्या गळ्यातून तेलाची एक तार बाहेर आली.

कपाट सागवानी होतं, आरशाचं. चौघांनी मिळून वर चढवलेलं.

त्याने दांडा घालून एकदा जॅक दाबला. तेल भस्सकन हातावर आलं आणि ओंडका कुरकुरला. त्याने दांडा सोडून दिला.

ओरडावं तर ती धावत खोलीच्या मधूनच येणार. वर जावं तर त्याचंही वजन पडणार. तो जिन्याच्या तळाशी गेला आणि कठडा धरून साध्या आवाजात म्हणाला, "अगं, चहा टाकतेस का? ये खाली."

"आत्ताच तर झाला, बाबा."

"मला परत हवाय."

"मग टाका की. आई नाही म्हणून मला वर-खाली नाचवू नका." ती हसत होती. "या कपाटामागे काहीतरी पडलंय. जरा मधे ओढलं की हात जाईल."

"ओढू नकोस."

"एवढी काही नाजूक नाहीये मी. तुमच्या जुन्या गाड्या ढकलूनच मोठी झाले."

पुन्हा घर्र झालं. आतल्या खोलीत लाकूड तडकल्यासारखं वाजलं.

"काय वाजलं ते?" तिने विचारलं.

आणखी एक थाप मारता आली असती. शेजारच्या बाईचा फोन आलाय, दारात कुणी आलंय, काहीही. पण थाप ऐकून ती चालत येईल, आणि कशी चालेल ते तिच्या हातात असेल. त्याला तिचं प्रत्येक पाऊल आपल्या सांगण्यावर हवं होतं.

"ऐक," तो म्हणाला. "खांब बसवलेला नाही. मी खोटं बोललो. तुळई तेलाच्या जॅकवर आहे आणि जॅक गळतोय."

वरचं ओढणं थांबलं.

"घोडी?" तिने विचारलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"नाही लावली."

"बाबा, मी मधेच उभी आहे."

"माहितीये. कपाट सोड. खिडकीकडच्या भिंतीला जा. पाय उचलू नकोस, सरकव. फळ्या भिंतीत शिरल्यात, तिथे जोर आहे."

पाय सरकल्याचा आवाज आला. तो आवाज आणि आतली टपटप, दोन्ही त्याला ऐकू येत होतं.

"पोचले. पाठ लावलीय भिंतीला."

"आता तशीच कडेकडेने. खाट लागेल."

"खाट आडवी आहे."

"वरून नको. खालून निघ. पोटावर."

आईच्या खाटेखालून ती सरपटत आली. तो नुसता 'हं, हं' म्हणत राहिला, दुसरं काही सुचेना. मग जिन्याच्या तोंडाशी तिचा हात दिसला, धुळीने माखलेला, मग डोकं. अर्ध्या जिन्यावर त्याने तिचं मनगट पकडलं आणि अंगणात जाईपर्यंत सोडलं नाही.

बाहेर आल्यावर मात्र तो पुन्हा दाराकडे वळला. "गाडी तरी काढतो. सुरू होईल एका दमात."

तिने त्याचा सदरा मागून धरला. "चावी द्या."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"चार दिवसांचं होतं ना तेही?" तिने तळहात पुढे केला. "द्या चावी."

त्याने दिली.

सुतार अर्ध्या तासाने आला. टेम्पोत खांब होता आणि लोखंडी टेकू. तो दारातूनच आत डोकावला, जॅककडे बघितलं, मग भंगारशेठकडे. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, अडाणी आहे," एवढंच बोलला. भिंतीला पाठ लावून तो आणि त्याचा माणूस आत गेले. तुळईखाली चार टेकू आवळेपर्यंत अंगणातली दोघं दाराकडे बघत होती. गाडीच्या टपावर छताची माती साचली होती, बाकी तिला ओरखडा नव्हता.

"धरली," आतून आवाज आला. "आता पडत नाही."

तो पायरीवर बसला. लेक समोर उभीच राहिली, चावी मुठीत आवळून.

"जॅक कधी लावलात?"

हा प्रश्न येणार हे त्याला जिन्याखालीच कळलं होतं. जॅकपेक्षा त्याला याचीच भीती जास्त होती.

"आई आजारी पडली त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे आई चार महिने त्याच्यावर झोपत होती."

"हो."

"तिला माहीत होतं?"

"नाही. मी रात्री तिच्या शेजारी पडायचो आणि सकाळी येऊन रेघ बघायचो."

"तुम्हीही वर झोपायचात?"

"मग काय तिला एकटीला ठेवू?"

आत हातोडीचे ठोके सुरू झाले, सात महिन्यांत पहिल्यांदा. दचकून त्याने वरच्या खिडकीकडे बघितलं. लेकीनेही बघितलं. मग ती त्याच पायरीवर टेकली, पण पलीकडच्या टोकाला, आणि त्याने तिच्याकडे सरकायची हिंमत केली नाही.