घाम फोडणारी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादा पुढारी आला असेल, तर त्याला आधी बाजूला करा. माझ्यासाठी आजवर कुणीही भांडलेलं नाही. उलट माझ्यावर बसायची वेळ टळावी म्हणून भल्याभल्यांनी देव पाण्यात ठेवलेत. मला हात नाहीत, गादी नाही आणि पाठ म्हणाल तर काटकोनात. मला घडवणारा सुतार शेवटचा खिळा ठोकून म्हणाला होता, "हिच्यावर कुणाला डुलकी लागायची नाही." माणूस शब्दाला जागला.

माझी पहिली नोकरी कॉलेजात, तोंडी परीक्षेच्या खोलीत. टेबलापलीकडे जीवशास्त्राचे सर बसायचे. सर वाईट नव्हते, पण आपण हसलो तर विषयाची पत जाईल असं त्यांना वाटायचं. टेबलाच्या अलीकडे मी आणि माझ्यावर एकेक विद्यार्थी. घाबरलेला माणूस बसल्या बसल्या माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरतो, जणू मीच पळून जाणार आहे.

एके वर्षी वर्गात कायम पहिली येणारी एक मुलगी आली. सरांनी विचारलं, "हृदयाला कप्पे किती?" एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल, पण तिची दातखिळी बसली. तोंड कोरडं, तळहात ओले. तिचं नख माझ्या कडेत रुतलं, त्याचा ओरखडा अजून आहे. उत्तर तिच्या जिभेवर होतं, पण बाहेर पडेना. सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "पुढचा." ती उठून गेली, पण माझी कड बराच वेळ ओली होती.

पुढे माझं पॉलिश उडालं, एक पाय डुगडुगू लागला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या बाकांच्या संगतीत धूळ खात किती वर्षं गेली कुणास ठाऊक. मग कॉलेजनं जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा एक बाई आल्या. त्यांनी मला उजेडात ओढलं, कडेवरून बोट फिरवलं आणि ते बोट ओरखड्यावर थांबलं. तीच मुलगी होती. बरोबरचा माणूस म्हणाला, "मॅडम, ही कशाला? टोचते की."

"टोचते म्हणूनच हवी," मॅडम म्हणाल्या.

आता मी त्यांच्या प्रयोगशाळेत असते. मॅडम मेंदूच्या शास्त्रज्ञ आहेत. ऐकून ऐकून मलाही त्यातले चार शब्द कळतात. भीती वाटली की मेंदू हाक देतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, ती हाक पुढे पोचवते. मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं रसायन रक्तात सोडतात आणि अंग संकटाला तोंड द्यायला सज्ज होतं. शेवटी तेच कॉर्टिसोल मेंदूला जाऊन सांगतं, आता पुरे. काहींचा मेंदू हे ऐकतच नाही. का ऐकत नाही, हेच मॅडम शोधतायत. "घाबरणं हा दोष नाही," त्या म्हणतात, "घाबरून झाल्यावर उतरता न येणं, हा त्रास."

पण मोजायचं तर आधी घाबरवायला हवं, आणि तिथे माझ्याशिवाय पान हलत नाही. माणसं राजीखुशीनं येतात, माझ्यावर बसतात. समोर दोघं दगडी चेहऱ्यानं बसतात. हसायचं नाही, मानही हलवायची नाही, हा नियम. मोठ्या आकड्यातून सतरा-सतरा वजा करायला सांगतात. मग कापसाचा बोळा तोंडात धरायला देऊन लाळेत उतरलेलं कॉर्टिसोल मोजतात. त्या दोघांतले एक ग्रंथपाल काका. स्वभावानं इतके हसरे, की त्यांना उपटलेली दाढ मुद्दाम आठवावी लागते. "तेव्हा कुठे चेहरा लागतो, मॅडम," असं ते सांगतात.

मागच्या वर्षी मात्र सगळंच बंद पडायची पाळी आली. प्रयोगशाळा ठेवायची की नाही हे ठरवायला समिती आली, आणि तिचे प्रमुख कोण? तेच सर. केस पांढरे झालेले, ताठा तसाच. मॅडमना त्यांनी ओळखलं नाही.

"माणसांना घाबरवून त्यांची थुंकी गोळा करायची, हे कसलं विज्ञान?" सर म्हणाले. "अभ्यास पक्का असेल तर माणूस घाबरत नाही. तुमची ही खोली दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

मॅडम म्हणाल्या, "सर, एकदा बसून बघता?"

सर बसले. मी पाठ आणखी ताठ केली. पहिल्या दोन वजाबाक्या बरोबर आल्या, तिसरी चुकली. "चूक. पहिल्यापासून करा," काका म्हणाले. दाढ चांगलीच आठवली असावी. सर पुन्हा चुकले. त्यांचे हात हळूच खाली आले आणि माझी कड घट्ट धरली. अंगठा नेमका त्या ओरखड्यावर. समोर मॅडमचा चेहरा दगडी होता. टेबलाखाली मात्र त्यांनी चपला काढून पाय फरशीवर दाबून धरले होते, ते मी एकटीनंच पाहिलं.

प्रयोग संपला, तशा मॅडम हसल्या आणि पाणी पुढे केलं. "बसा थोडं, सर. उतरेल."

सरांनी पेला संपवला. "परीक्षेत पोरांचं असंच होत असेल?"

"माझं झालं होतं. याच खुर्चीवर, तुमच्यासमोर."

सरांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पास झालीस?"

"नाही. पुढच्या वर्षी झाले."

"प्रश्न कोणता होता?"

"हृदयाला कप्पे किती."

"मग सांग."

"चार, सर."

"बरोबर," सर म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत मी त्यांना मान हलवताना पहिल्यांदाच पाहिलं.

प्रयोगशाळा राहिली. माझा पाय अजून डुगडुगतो, पण मला गादी लावायची कुणाची टाप नाही; मॅडमची सक्त ताकीद आहे. मऊ खुर्च्या जगात पोत्यानं मिळतील, माझ्यासारखी एकच. कधी माझ्यावर किंवा माझ्यासारख्या एखादीवर बसायची वेळ आलीच, तर कड खुशाल धरा, मी कुठे जात नाही. हात थरथरले तर लाजू नका, घोटभर पाणी प्या. आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसत असाल, तर "पुढचा" म्हणण्याआधी जरा थांबा. उत्तर वाटेत असतं.