काचेच्या घरातले माझे चार महिने

मी बॅलराट शहरातल्या लीअॅनचा अजगर बोलतोय. अंगावर गालिच्यासारखी नक्षी आहे, म्हणून आम्हाला कार्पेट पायथन म्हणतात. लीअॅननं माझं नाव 'वॉली' ठेवलंय. नावाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार घराबद्दल आहे.

माझा जन्म बेंडिगोच्या एका पैदासकाराकडे झाला. मला पिशवीत घालताना तो लीअॅनला म्हणाला होता, "लाकडी पेटी घ्या. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा. म्हणजे हवं तिथे तो स्वतः जाऊन बसेल." लीअॅन मान डोलावत होती. मग दुकानात गेली आणि बैठकीच्या कपाटाला शोभेल अशी काचेची टाकी घेऊन आली.

काचेतून ऊब निघून जाते, वरच्या जाळीतून तर धावतच जाते. मला उबेसाठी एक गरम दगड दिला होता. त्यावर पोट भाजायचं आणि पाठ गारठायची. तापमापक चिकटवला होता वरच्या काठाला. मी तळाशी होतो. इथे, पृथ्वीच्या दक्षिण अंगाला, जुलै म्हणजे भर हिवाळा; त्या कडाक्यात मी खाणं सोडलं.

"रुसलाय मेला," लीअॅन म्हणाली.

तिचे वडील डेस सोफ्यावर चहा पीत बसले होते. पेशानं सुतार, आणि सापांची त्यांना मनापासून भीती. "रुसलाय कसला? गारठलाय तो," ते म्हणाले.

"बाबा, तीस दाखवतोय काटा."

"काटा वर आहे गं. साप खाली आहे."

तिनं ऐकलं नाही. उलट एक मोठा दिवा आणून टाकीत लावला, वर जाळीचं आवरणसुद्धा नाही. मी कित्येक आठवड्यांची थंडी अंगात घेऊन त्या दिव्याला वेटोळं घातलं. चटका आम्हाला वेळेवर कळत नाही, हा आमचा दोष. पण तिला तो माहीत असायला नको होता का? कातडी सोलवटली, तेव्हा मी सुटलो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आणि लीअॅनकडे न बघताच विचारलं, "दिव्याला जाळी का नव्हती?"

लीअॅननं मला पिशवीत ठेवलं. गाडीत मात्र खूप रडली. पिशवीतून तिचा प्रत्येक हुंदका मला जाणवत होता. मला तिचं रडणं नको होतं, ऊब हवी होती.

डेस दुसऱ्याच दिवशी करवत घेऊन आले. जुन्या कपाटाची पेटी केली, चढायला आडवी फांदी ठोकली. उजेड न देणारा हीटर जाळीत बंद केला. गरमी वाढली की आपोआप बंद करणारं यंत्रही बसवलं. मग मी आत असतानाच त्यांनी हात माझ्याशेजारी ठेवला आणि डोळे मिटून मिनिटभर तसाच धरला.

"आता ठीक आहे," ते म्हणाले. हात काढला आणि बराच वेळ धूत बसले.

नवव्या दिवशी मी उंदीर खाल्ला. काचेतल्या चार महिन्यांनंतरचा पहिला घास.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माणसांचं समाधान टिकत नाही. परवा लीअॅननं आणखी एक काचेची टाकी आणली, पहिलीपेक्षा मोठी, आत निळे दिवे. "जखम भरलीय आता," ती म्हणाली. "पाहुण्यांना त्या कपाटात तो दिसतच नाही."

"पाहुण्यांना फोटो दाखव," डेस म्हणाले आणि चहा तसाच टाकून निघून गेले.

टाकी समोरच उभी आहे. लीअॅन कधी तिच्याकडे बघते, कधी माझ्याकडे. भाजलेल्या जागेवर माझी नक्षी परत उमटली नाही, तिथे नुसता पांढरा पट्टा आहे. तो तिला दिसतो की नाही, कोण जाणे.

लीअॅन, काच सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला बघायला आलेला पाहुणा पाच मिनिटं थांबतो. मला तिथे अख्खा हिवाळा काढायचा असतो.