पाचव्या मजल्यावरचे आजोबा आणि मी, चौकशीची खिडकी

मी नगरपालिकेच्या घरवाटप विभागातली चौकशीची खिडकी बोलतेय. आज जरा बोलूच द्या, कारण एरवी माझ्यातून इतर बोलतात आणि मी मुकाट ऐकून घेते.

जन्मले तेव्हा मी भिंतीतली नुसती मोकळी जागा होते. एकदा कुणीतरी आत हात घालून टेबलावर मूठ आपटली, आणि मला काच आली. बोलण्यासाठी तिला भोकं पाडली. पाडणारा ताडमाड उंच होता, त्यामुळे सगळं गाव माझ्यापुढे टाचा उंचावून बोलतं.

प्रश्न तेच ते. घर कधी मिळणार? भिंतीला ओल आलीय, कुणाला सांगू? कचऱ्याची गाडी आमचीच गल्ली कशी विसरते? उत्तरही ठरलेलं, "वर साहेबांना विचारा." आणि वरून माणूस परत येतो, कारण साहेबांनी सांगितलेलं असतं, "खाली खिडकीवर विचारा." ऐकून ऐकून माझं डोकं उठतं.

आत बसणाऱ्या मॅडम वाईट नाहीत. पण तेच तेच बोलून त्यांचं मन बोथट झालं होतं.

त्यांच्यापुढे एक शिवणकाम करणारी बाई वारंवार येऊ लागली. नगरपालिकेच्याच वसाहतीत, पाचव्या मजल्यावर ती आणि तिचे वडील राहायचे. वडिलांचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला, आणि लिफ्ट कधीपासून बंद.

"लिफ्ट विद्युत विभागाकडे येते," मॅडम म्हणायच्या.

"मग खालचं घर बदलून द्या. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक रिकामं पडलंय."

"घर वडिलांच्या नावावर आहे. त्यांना स्वतः यावं लागेल."

"अहो, त्यांना उतरता येत नाही म्हणून तर खालचं घर मागतेय."

"नियम आहे ताई, मी काय करू?"

दर वेळी हेच. माझी काच तडकायची तेवढी बाकी होती.

मग एका सकाळी दार ढकलून त्या बापलेकीच्या शेजारचे दोघे रंगारी आत आले, मागोमाग ती बाई. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी आजोबांना उचलून आणलं होतं. खुर्ची माझ्यासमोर ठेवली, घाम पुसला आणि ते कामावर निघून गेले. आजोबा जुने बसचालक, आवाज खणखणीत, पण तो माझ्या काचेवरच आपटत होता.

"काय म्हणतायत?" मॅडमनी विचारलं.

"आलो, म्हणतायत," मुलगी म्हणाली.

घरबदलाच्या अर्जावर सही झाली. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. कळवू आम्ही. घरी जा आता."

आजोबा काहीतरी बोलले. मॅडमना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तेव्हा मॅडम उठल्या, बाजूच्या दाराने बाहेर आल्या आणि खुर्चीपाशी उकिडव्या बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्या या बाजूला कधी पाहिलं नव्हतं.

"आजोबा, परत सांगा."

"घरी कसा जाऊ, विचारतोय. उतरवणारे कामाला गेले. चढवणार कोण?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं; रंगारी केव्हाच गेले होते.

"हा तळमजलाच आहे ना?" आजोबा शांतपणे म्हणाले. "मग मी इथेच राहतो."

रांगेत कुणीतरी हसलं. मुलीने मान वळवून डोळे पुसले.

मॅडम तडक जिना चढल्या. वरून आवाज खाली येत होते.

"खिडकीवर विचारायला सांगा त्यांना," साहेब म्हणाले.

"खिडकीवर मीच असते, साहेब."

वर एक कपाट उघडल्याचा आवाज आला. मग मॅडम खाली आल्या, हातात रिकाम्या घराची किल्ली. "तात्पुरती सोय" एवढंच त्या म्हणाल्या. रंगाऱ्यांनी संध्याकाळी आजोबांना तिथेच नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी हजर. मॅडमना वाटलं, आभार मानायला आली.

"मॅडम, खालच्या नळाला पाणीच नाही. कुणाला विचारू?"

मॅडमनी माझ्यातून तिच्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चला, दाखवा."

आता माझ्यामागे रिकामी खुर्ची आणि पुढे ही रांग. जो तो मलाच विचारतोय, मॅडम कधी येणार? बाबांनो, मला काय विचारता? वर जे बसलेत त्यांनाच माझं एक सांगणं आहे: अधूनमधून खाली उतरत जा. तुमचे तर दोन्ही पाय धड आहेत.