धूरओढ्याची घरघर

मित्रांनो, धूर गिळणे हा माझा धंदा. मी शस्त्रक्रियेच्या खोलीतला एक जुना धूरओढ्या आहे. पोटात पंखा, पंख्यापुढे जाड गाळणी आणि सोंडेसारखी लांब नळी, एवढाच माझा संसार.

डॉक्टर विजेच्या सुरीने कापतात तेव्हा रक्त थांबते, पण मांस जळून धूर निघतो. त्यात घातक वायू असतात. साध्या मास्कने तो पुरता अडत नाही. म्हणून तर मला घडवले.

मी आलो तेव्हा माझे कोण कौतुक झाले! पण पहिल्याच दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "केवढी ही घरघर! बंद करा ते." झाले! मी कोपऱ्यात गेलो. डोक्यावर हातमोज्यांची खोकी आली. तीन वर्षे मी समोरचा धूर पाहत उपाशी राहिलो.

तेथे डॉक्टरांच्या हाती हत्यारे देणाऱ्या वयस्क परिचारिका होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांना खोकला जडला होता. एका सकाळी त्या भूलतज्ज्ञ बाईंना सांगत होत्या, "काल नात मांडीवरून उठूनच गेली. म्हणते, आजी, तुझ्या केसांना करपल्याचा वास येतो."

बाई हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी खोकी उतरवली, मला पुसले, नवी गाळणी बसवली आणि डॉक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, आजपासून हा चालू राहील."

"अहो अक्का, त्या आवाजानं माझं लक्ष उडतं."

"आवाजाची कानाला सवय होते, सर. धुराची छातीला होत नाही. बंदच ठेवायचा असेल, तर माझ्या जागी दुसरं कुणी उभं करा. पेशंट अजून बाहेर आहे."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिले. "बरं, लावा. पण आजचा दिवसच हं!"

अक्कांनी तो 'आजचा दिवस' रोज मागितला. जखमेपासून दोन बोटांवर त्या माझी नळी धरत. हात भरून येई, पण नळी हलत नसे. पुढे गाळणी बदलताना त्यांनी जुनी गाळणी डॉक्टरांसमोर ठेवली. ती तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती.

"हे तुमच्या छातीत जात होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"तुमच्याही," अक्का म्हणाल्या.

पुढे एकदा अक्का रजेवर होत्या. डॉक्टरांनी सुरी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "नळी कोण धरतंय? कुणी धरल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

मित्रांनो, माझी गाळणी वेळेवर बदला, नळी जखमेजवळ धरा आणि माझी घरघर तेवढी सोसा. धुराचे मी पाहून घेईन.