कोनाड्यातली आई

नवरा सैन्यात, लहानगी लेक संयू आष्ट्याजवळच्या गावात सासूबाईंपाशी आणि मी हैदराबादला औषधांच्या प्रयोगशाळेत. अशा बाईला यंत्रांची टिंगल परवडत नाही. कपडे मशीन धुवायचं, कुकर आपोआप बंद व्हायचा, आणि असा वाचवलेला सगळा वेळ मी संयूला द्यायचे. कॅमेऱ्यातून.

वाय-फायचा तो कॅमेरा मीच निवडला होता. आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, हात दिवसभर पिठाचे नाहीतर शेणाचे. फोन उचलणार कधी? कॅमेऱ्याला कुणी हात लावायलाच नको. मला संयू दिसायची, तिला माझा आवाज ऐकू यायचा. माझा चेहरा तिला दिसत नसे, पण मला तोच फायदा वाटला होता. इतक्या लहान मुलांना स्क्रीन दाखवू नये असं मी वाचलं होतं, आणि वाचलेलं मी पाळते.

घरातला प्लग देवाच्या कोनाड्याजवळ. म्हणून आत्यांनी कॅमेरा खंडोबाच्या टाकाशेजारीच बसवला. खंडेनवमीला विळ्याखुरप्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागलं. मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर बघत होते.

"आत्या, भिंगाला नका लावू हं!"

"आगं, तुज्या डोळ्यात कशाला घालीन मी कुक्कू?"

मी खूप हसले होते. पुढं संयू कोनाड्याला हात जोडायची, मग माझी गोष्ट ऐकत जेवायची. त्या काळात माझं घरी येणं झालं ते फक्त गणपतीत आणि दिवाळीत, तेही धावतं.

यंदा उन्हाळ्यात माझी शिरवळच्या कारखान्यात बदली झाली. खोली मिळाली, कारखान्याजवळ पाळणाघर मिळालं. रजा टाकून मी तिला न्यायला गेले.

मला बघताच ती आत्यांच्या पदराआड गेली.

"आगं, आई आलीया! जा की," आत्या म्हणाल्या.

संयू पळाली ती कोनाड्याकडं. हात जोडून वर बघत म्हणाली, "आई, एक बाई आल्यात."

मी तिला रोजची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आवाज ओळखीचा वाटून तिचा चेहरा फुलला, पण ती बघत राहिली कोनाड्याकडंच. मी विचार केला, आवाज येण्याची ती जागा बंद केली की ती आपोआप माझ्याकडं वळेल. प्रयोग म्हणून यात काही चूक नव्हती. मी उठून प्लग काढला. कॅमेऱ्याचा बारका दिवा विझला.

"आज्जी! ह्या बाईनं आईला मारलं!"

असं रडणं मी कॅमेऱ्यातून कधी ऐकलं नव्हतं. उचलायला गेले तर ती मला चावली. जेवण राहिलं, बॅग दारात तशीच.

"तशीच ने," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "रडंल चार दिस, मग इसरंल."

"कुणाला विसरेल, आत्या?"

त्या तिची पाठ चोळत राहिल्या.

मी प्लग परत लावला, फोन घेतला आणि मागच्या गोठ्यात गेले. म्हशीनं मान वळवून बघितलं.

"संयू," मी म्हणाले. क्षणभरानं माझाच आवाज घरातून मला ऐकू आला.

रडणं थांबलं. फोनवर तिचं ओलं तोंड दिसलं. "आई, तू मेली न्हाईस?"

"नाही गं. जरा झोपले होते."

"ती बाई लय वंगाळ हाय."

"नाही बाळा. ती मावशी आहे. तुला गाडीत बसवून लांब फिरायला नेणार आहे. जाशील?"

ती विचारात पडली. "तू येतीस?"

इतका वेळ मला नीट बोलता येत होतं. आता फोन तोंडापासून लांब धरावा लागला.

"येते की. तू फक्त मावशीचा हात सोडू नको."

तिनं कोनाड्याला हात जोडले. मग ती वळली आणि फोनमधून दिसेनाशी झाली. घराच्या मागच्या दारात तिची पावलं वाजली.

"मावशीऽ!"

मी तोंड पुसलं आणि ओ दिली.