रुमालाबाहेरचा हात

अर्जाचे बाकीचे रकाने भरून झाले होते. एकच रकाना रत्नप्रभाला आठ दिवस छळत होता. 'नोकरीचा अनुभव, किमान दोन वर्षे. मालकाचे सही-शिक्क्याचे पत्र जोडावे.' मुंबईच्या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदविकेचा हा अर्ज वडिलांनीच मागवला होता. अर्ज आला आणि दहाव्या दिवशी ते गेले.

अनुभव तिला चार वर्षांचा होता. पण सांगायचा कसा?

वडील, नरहरराव, घाटंजीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूसखरेदीचे मुनीम. साठ साली काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, आणि ही गोष्ट त्यांनी घराबाहेर जाऊ दिली नाही. बी. ए. झालेली लेक वही लिहायला म्हणून सोबत जाऊ लागली. आवारात जुनी रीत होती : भाव तोंडानं बोलायचा नाही. मुनीम आणि शेतकरी रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत. तिथं बाईमाणसानं हात घालावा, हे कुणाच्या मनातही येणार नाही. म्हणून रुमालाखाली वडिलांचा उजवा हात असे आणि डावा रत्नप्रभाच्या हातात. नमुना काढून देण्याच्या निमित्तानं ती कापूस चिमटीत ओढी, धाग्याची लांबी बघे, ओल बघे, आणि वडिलांच्या डाव्या तळव्यावर बोटांनी भाव ठेवी. तोच उजव्या हातातून पुढं जाई. बघणाऱ्याला वाटे, लेक बापाला सावरून धरते आहे.

शेवटी तिनं जिनाचे मॅनेजर नीळकंठरावांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वही लिहायचीस, एवढं मी देतो लिहून. पण हजेरीपटावर तुझं नाव नाही, पोरी."

"खरेदी मी करत होते, काका."

"मग नरहररावांनी काय केलं? चार वर्षं आंधळ्या माणसानं आमचा कापूस घेतला, असं लिहू? माझ्या सहीनं?"

"कापूस कधी चुकला का?"

"नाही चुकला. म्हणूनच म्हणतो, गेलेल्या माणसाचं नाव राहू दे."

तेच नाव तर ती चार वर्षं सांभाळत आली होती. बाहेर पडताना तिला नीळकंठरावांचा राग आला, त्या रकान्याचा आला, वडिलांचासुद्धा आला. एक चिठ्ठी लिहून ठेवता आली नसती? मग आठवलं, लिहिणार कसे.

फाटकाशी तांड्यावरचा शेतकरी गुलाबसिंग कापसाची गाडी सोडून बसला होता.

"काय बाई, तोंड काहून उतरलं?"

तिनं आढेवेढे घेत सांगितलं. वडिलांच्या डोळ्यांपाशी येऊन ती अडखळली, तर गुलाबसिंग हसायलाच लागला.

"मुनीमजीले दिसत नव्हतं, हे का आम्हाले माहीत नाही? तू हात दाबल्याबिगर त्यायचं बोट हालत नव्हतं. साऱ्या तांड्याले ठाव हाय."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"कायले बोलावं? भाव बराबर भेटत होता." एकदम त्याचं तोंड आंबट झालं. "माह्या गाडीचा सोडून. दोन सालामांगं ओला हाय म्हणून भाव तोडला तू. मुनीमजी देऊन राह्यले होते, तूनंच त्यायचं बोट दाबून धरलं. अजून राग हाय माहा तुह्यावर."

"माझ्यावर? भाव बाबांनी दिला होता."

"त्यायचा काय कसूर? भाव तुहा होता."

चार वर्षांत तिचं काम तिच्या नावावर टाकणारा हा पहिला माणूस, आणि तोही भांडायला बसलेला.

तिनं गाडीच्या फळीवर कागद पसरला. 'सन १९६० पासून माझ्या वडिलांना दिसत नव्हते,' हे पहिलं वाक्य. ते लिहून झाल्यावर पेन थोडा वेळ जागीच थांबला. मग ती भराभर लिहीत गेली. मालकाच्या शिक्क्याऐवजी शेतकऱ्याचा अंगठा पाहून मुंबईचे लोक अर्ज बाजूला टाकतील, हे तिला कळत होतं. तरी तिनं गुलाबसिंगच्या अंगठ्याला शाई लावली.

"काय लिवलं?"

"तुमच्या गाडीचा भाव मी तोडला, असं."

"अन् माहा कापूस कोरडा होता, हे?"

"ओला होता, गुलाबसिंगभाऊ."

अंगठा कागदावर अधांतरी थांबला. तो तिच्याकडे बघत राहिला, तीही नजर न हलवता.

"थोडासाक होता," तो म्हणाला आणि त्यानं अंगठा टेकवला.